बेवड मोडला, मर आली

दसरा सरला की मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या कृषी सेवा केंद्रांत हरभऱ्याच्या बियाण्याच्या थप्प्या लागतात. सोयाबीनचे रान मोकळे झालेले असते, ओल हातची जायच्या आत पेरणी उरकायची असते. दिवाळीच्या आगेमागे हरभरा जमिनीत पडतो आणि तीन-चार आठवड्यांत त्याच दुकानांच्या काउंटरवर ठरलेला संवाद सुरू होतो.

"भाऊ, हरभरा उबळायला लागलाय. काय द्यावं?"

"सगळ्या रानात, का टापूटापूनं?"

"आधी इथं एक, तिथं एक होतं. आता दहा-दहा झाडांचे घेर पडलेत."

"मग आळवणी करून टाका."

बाटली दिली जाते, पंपाचे नोझल काढून झाडांच्या बुडाशी औषध ओतले जाते. चार दिवसांनी शेतकरी बांधावर येतो. उभी होती ती झाडे उभी आहेत, माना टाकलेली आडवी झाली आहेत. औषध खोटे होते असे नाही. ते उशिरा पोचले, एवढेच. झाडाने मान टाकली तेव्हा बुरशी त्याच्या जलवाहिन्यांत जाऊन बसलेली होती आणि तिथून तिला हुसकावून लावणारी आळवणी नाही. या रोगाशी काय करायचे ते पेरणीच्या आधी, आणि जमिनीत. ते करायला वनस्पतीच किती उपयोगी पडतात, कडुनिंबाची पेंड, ताग, मोहरीचा पाला, ज्वारीची धसकटे यांचे खरे बळ केवढे, हा या लेखाचा विषय आहे. हल्ली या गोष्टींची जाहिरात फार होते, हिशेब कमी होतो.

आधी रोगाची ओळख करून घेऊ, कारण 'मर' या एकाच नावाखाली शेतकरी तीन वेगळे रोग मोजतो. पहिली खरी मर. हिच्यात झाड हिरवेपणीच मलूल होते. उपटून खोड विळ्याने उभे चिरले की आत काळपट तपकिरी रेघ दिसते. मूळ वरून धडधाकट वाटते. तुरीत तर खोडावर बुडापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टाही दिसतो. हे काम फ्युजॅरियम या बुरशीचे. तुरीवर फ्युजॅरियम उडम, हरभऱ्यावर फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम. दुसरी कोरडी मूळकूज. ही बहुधा फुलोऱ्यापासून घाटे भरेपर्यंतच्या काळात येते, पाने गवती पिवळी होतात, आणि झाड उपटायला जावे तर सोटमूळ काडकन तुटून निम्मे जमिनीत राहते. ही मॅक्रोफोमिनाच्या कुळातली बुरशी, तिला तीस अंशांच्या वरचे ऊन आणि जमिनीतला पाण्याचा ताण मानवतो. इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत वारंवार नोंदवले आहे की हवामान तापेल तसा हा रोग हरभऱ्यात पुढे सरकतो आहे. तिसरी मानकूज. रोप लहान असतानाच जमिनीलगत खोड कुजते, तिथे पांढरी बुरशी आणि मोहरीएवढ्या गोल गाठी दिसतात. ही स्क्लेरोशियम.

तिन्ही बुरश्या जमिनीत राहणाऱ्या. पण तिघींचे खाणेपिणे निराळे, आणि म्हणून एकीला मारणारा उपाय दुसरीला पोसू शकतो. सेंद्रिय उपायांचे बहुतेक घोटाळे इथेच होतात. विळा घेऊन एक झाड चिरून बघायला मिनिटही लागत नाही, तरी हे न करताच पोत्यांच्या पोती पेंड विकत घेतली जाते.

तुरीच्या मरीची शास्त्रीय कुंडली बिहारमध्ये मांडली गेली. १९०५ साली पुसा येथे शेती संशोधनाची मोठी संस्था उभी राहिली. तिथे एडविन बटलर हे आयरिश कवकशास्त्रज्ञ होते. त्यांनी तुरीच्या मरीचा अभ्यास करून १९१० साली त्या बुरशीला जे नाव दिले तेच आजही चालते. तुरीची ही मर तेव्हापासून आजवर महाराष्ट्राला चिकटून आहे. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी १९७५ ते १९८० या काळात देशभरातील तुरीची पाहणी केली, तिचे आकडे १९८४ साली छापून आले. राजस्थानात मरीचे प्रमाण ०.१ टक्का आणि महाराष्ट्रात २२.६ टक्के. सगळ्या राज्यांत वरचा नंबर आपला होता.

त्याच पुशात खतांच्या कायम प्रयोगाचे वाफे होते. एका वाफ्यात वर्षानुवर्षे तेच खत घालायचे आणि पिकाचे काय होते ते पाहायचे, असा तो धिम्या चालीचा प्रयोग. मॅक्रे आणि शॉ या दोघांनी या वाफ्यांतल्या तुरीवर मर किती येते याची नोंद ठेवली आणि १९३३ साली ती प्रसिद्ध केली. सुपरफॉस्फेटच्या वाफ्यांत मर वाढलेली दिसली. हिरवळीचे खत गाडलेल्या वाफ्यांत ती कमी झाली. म्हणजे जमिनीत वनस्पती गाडली की कडधान्याची मर कमी होऊ शकते, ही गोष्ट भारतात शेतातल्या आकड्यांनिशी नोंदली गेली त्याला नव्वद वर्षे झाली. पुसाची ती इमारत पुढच्याच वर्षीच्या, १९३४ च्या बिहार भूकंपात पडली आणि संस्था दिल्लीला गेली. वाफे मागे राहिले आणि त्यातला धडाही बराचसा मागेच राहिला. पुढच्या पिढीने रोगप्रतिकारक वाण आणि बीजप्रक्रियेची औषधे हाती घेतली. ते योग्यच होते, पण जमिनीचा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न नीट समजायला ही बुरशी पीक नसताना कशी जगते ते पाहावे लागते. पीक निघाले की फ्युजॅरियम उरलेल्या मुळांत जाड कवचाचे बीजाणू तयार करते. ते झोपून राहतात. हरभऱ्याची बुरशी हरभरा न पेरताही जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरते, हे इक्रिसॅटमधल्याच प्रयोगांत दिसले. शिवाय तिथे आणखी एक खोड उघडी पडली. तूर, मसूर, वाटाणा यांच्या मुळांत हरभऱ्याची ही बुरशी शिरते, राहते, पण झाडावर काहीच दिसत नाही. म्हणजे 'यंदा हरभरा न घेता तूर घेतली, जमिनीला विसावा दिला' असे समजणाऱ्या शेतकऱ्याने प्रत्यक्षात बुरशीला वर्षभर खानावळ लावून दिलेली असते.

झोपलेल्या बीजाणूला मारण्याच्या वनस्पतींकडे दोन वाटा आहेत, आणि गंमत अशी की दोन्ही एकमेकींच्या उलट दिशेने जातात.

एक वाट भरपूर नत्राची. निंबोळी, एरंडी, करंज, मोहरी या पेंडींत नत्र खूप असते. निंबोळी पेंडीत साधारण चार-पाच टक्के धरावे. पेंड ओल्या जमिनीत कुजू लागली की अमोनिया सुटतो. तो पुरेसा साठला तर बीजाणूंना थेट जाळतो. कडुनिंबात आणखी एक गुण आहे. त्यातली द्रव्ये अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना मंदावतात, म्हणून अमोनिया जमिनीत जास्त काळ टिकतो. २०१५ पासून देशातला सगळा युरिया निंबोळी तेल लावून विकायचा असा जो नियम झाला, तो याच गुणावर बेतलेला आहे. पेंड कुजताना जमिनीतल्या इतर बुरश्या, जिवाणू झपाट्याने वाढतात हाही फायदा. झोपलेला बीजाणू या अन्नाच्या वासाने जागा होऊन अंकुरतो, पण आसपास तुरीचे मूळ नसते. असतात ते शत्रू. तो तिथेच विरघळून जातो.

दुसरी वाट नत्राच्या दुष्काळाची. १९५९ साली कॅलिफोर्नियात स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेवड्याच्या मूळकुजीवर काम करताना बार्लीचा कोंडा-काड जमिनीत मिसळला. रोग कमी झाला. काडात कर्ब भरमसाट, नत्र अगदी थोडे. ते कुजवायला निघालेले सूक्ष्मजीव जमिनीतले उपलब्ध नत्र ओढून घेतात आणि फ्युजॅरियमला अंकुरून मुळापर्यंत पोचायला लागणारे नत्रच उरत नाही. बार्लीच्या जागी ज्वारीची धसकटे घातली की ही गोष्ट आपल्या रानातली होते. घेवड्याला काय किंवा तूर-हरभऱ्याला काय, हे नत्राचे आखडणे फारसे भोवत नाही. गाठी धरल्या की ही पिके हवेतले नत्र स्वतःच मिळवतात.

आता हिशेब.

कुंडीतल्या प्रयोगांचे अहवाल वाचले तर पेंडीने मर निम्म्याहून कमी झाली, कुठे जवळजवळ नाहीशी झाली, असे निष्कर्ष ढिगाने मिळतात. त्यात पेंड किती घातली ते बारीक अक्षरांत असते. बहुधा मातीच्या वजनाच्या एक टक्का, कधी दोन टक्के. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटते. एका हेक्टरातल्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. त्याचा एक टक्का म्हणजे २० टन पेंड. एकरी आठ टन, पन्नास किलोची १६० पोती. कोरडवाहू तुरीच्या एकरात एवढी पेंड टाकणारा शेतकरी महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. तो टाकतो एकरी दोन पोती. म्हणजे कुंडीतल्या मात्रेच्या ऐंशीव्या हिश्शाने. ही दोन पोती सगळ्या रानात विस्कटून टाकली तर फ्युजॅरियमला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. थोडे खत मिळाले, इतकेच समाधान.

पण तीच दोन पोती पेरणीच्या ओळीतच पडली तर? तुरीच्या दोन ओळींत नव्वद सेंटिमीटर अंतर धरले आणि ओळीत दहा सेंटिमीटर रुंद, दहा सेंटिमीटर खोल पट्ट्यातच पेंड पेरली, तर माती २० लाख किलोंऐवजी दीड लाख किलोंच्या आसपास उरते. पेंडीची तीव्रता दहापटीहून जास्त वाढते. तरीही कुंडीतल्या एक टक्क्याच्या ती खालीच राहते, पण कामाला येण्याजोगी होते. ट्रायकोडर्मासाठी तर नक्कीच. ही मित्र बुरशी नुसती कोरड्या जमिनीत टाकली तर उपाशी मरते. हेक्टरी अडीच किलो ट्रायकोडर्मा चांगल्या कुजलेल्या शेणखतात आणि पेंडीत मिसळायचा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली आठ-पंधरा दिवस ठेवायचा, मग ओळीत पेरायचा. पेंडीचे खरे काम इथे शिदोरीचे आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या 'बायोमिक्स' या मित्र सूक्ष्मजीवांच्या मिश्रणासाठी शेतकऱ्यांच्या रांगा लागतात. त्या रांगेतल्या किती जणांच्या घरी त्याला सोबत द्यायला कुजलेले खत असते, हा प्रश्न विचारायला हवा. आणि आणखी एक. बियाण्याला कार्बेन्डाझिम चोळून त्यावरच ट्रायकोडर्मा चोळणारे पुष्कळ आहेत. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे, ट्रायकोडर्मा बुरशी आहे. पुढचे सांगायला नको.

पेंडीबद्दल बाजारातले वास्तवही कडू आहे. निंबोळ्या जून-जुलैत पडतात, त्या वेचायला माणसे, बहुतेक बाया, लागतात. त्यांतले तेल गेल्यावर उरलेली पेंड महाग पडते, आणि 'निंबोळी पेंड' असे छापलेल्या पोत्यात कडुनिंब किती आणि माती-भुसा किती याची खात्री वासावरूनच करावी लागते. एरंडीची पेंड त्या मानाने शुद्ध मिळते, पण तिच्यातले रिसिन जनावराला आणि कुत्र्याला जीवघेणे असते. पोते गोठ्यात ठेवू नये. ज्याच्या शिवारात कडुनिंब आहेत त्याने निंबोळ्या स्वतः वेचून, वाळवून, भरडून ओळीत टाकाव्यात. तो खर्च मजुरीचा, फसवणुकीचा नाही.

म्हणजे विकत आणून जमिनीची मात्रा पुरी होत नाही. ती जमिनीतच पिकवावी लागते. तागाचे पीक पंचेचाळीस-पन्नास दिवसांत, फुलावर येताना, हेक्टरी पंधरा-वीस टन हिरवा पाला देते. त्यात पाणीच जास्त, कोरडा माल तीन-चार टन. तरी हा माल वाहून आणावा लागत नाही, मुळासकट सगळ्या थरात आधीच पसरलेला असतो, आणि खर्च बियाण्याचा. पुशाच्या वाफ्यांनी जे दाखवले ते हेच. अडचण वेगळीच आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने मृगात ताग पेरला तर त्याचा खरीप गेला. बँकेचा हप्ता, लग्नकार्य, पोरांची फी हे सगळे सोयाबीनवर उभे असते. 'हिरवळीचे खत करा' हा सल्ला देणाऱ्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होत असतो, हे शेतकऱ्याला चांगले कळते. तेव्हा तागाला आंतरपिकाची जागा द्यावी. तुरीच्या दोन ओळींत ताग पेरायचा, चाळीस दिवसांत कापून तिथेच अंथरायचा. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला टाकत राहणे हाही मार्ग आहे. एक सावधगिरी मात्र हवी. तागालाही स्वतःची मर असते. तिची बुरशी तुरीच्या बुरशीची सख्खी भावकी. तागाची झाडे जागोजाग वाळू लागलेल्या रानात तो गाडू नये.

आणि आता ज्वारी, जिच्यासाठी हा सगळा पसारा मांडला.

पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही वऱ्हाडी किंवा मराठवाडी माणसाला खरिपाचे जुने शिवार आठवते. ज्वारीच्या काही ओळी, मग तुरीचे एक-दोन तास, पुन्हा ज्वारी. कुठे त्यात मूग, उडीद, अंबाडी. ज्वारी दिवाळीच्या सुमाराला कापली जायची, कडबा बांधावर उभा राहायचा, आणि मोकळ्या झालेल्या रानात तूर फांद्या पसरायची. ही रचना कोणा शास्त्रज्ञाने आखून दिली नव्हती. तिच्यात धान्य, वैरण आणि वरण तिन्ही बसत होते म्हणून ती टिकली. तिच्यात मरीवरचा उपायही बसलेला होता हे इक्रिसॅटच्या लोकांनी १९८० च्या दशकात मोजून दाखवले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मरीने ग्रासलेल्या जमिनीत सलग तूर, ज्वारी-तूर आंतरपीक, आणि एक वर्ष ज्वारी किंवा पडीक ठेवून मग तूर अशा पद्धतींची तुलना होती. सलग तुरीच्या मानाने ज्वारीबरोबरच्या तुरीत मर लक्षणीय कमी आली. एका वर्षाच्या ज्वारीने जे साधले तेच पडीक ठेवूनही साधले. फरक इतकाच की पडीक रानातून भाकरी मिळत नाही.

असे का होते, याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. ज्वारी तुरीच्या फ्युजॅरियमला आसरा देत नाही. तिची तंतुमुळे तुरीच्या दोन ओळींत दाट जाळे विणतात, त्यामुळे एका झाडाच्या मुळावरून दुसऱ्याच्या मुळावर जायची बुरशीची वाट तुटते. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटते. पहिल्या पावसाची कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात ती यामुळेच. ज्वारीच्या मुळांतूनही इतर जिवांना मानवत नाहीत अशी द्रव्ये पाझरतात. आणि कापणीनंतर राहिलेली धसकटे बार्लीच्या काडासारखी नत्र आखडून धरतात. वेगवेगळ्या पोत्यांतून आणून द्यावे लागले असते ते सगळे एका पिकाच्या बुडाशी मिळते. आधल्या पिकाने पुढच्यासाठी जमिनीत मागे ठेवलेला गुण म्हणजे बेवड. जुनी माणसे 'ज्वारीचा बेवड आहे, हरभरा चांगला येईल' म्हणत, ते या सगळ्याचा अनुभव घेऊन.

हा बेवड आपण मोडला. त्याचा दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. खरीप ज्वारी काढणीला आली की परतीच्या पावसाने कणसे काळी पडतात आणि काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही. पाखरे, रानडुकरे, कापणीला न मिळणारे मजूर हे आणखी. घरातले बैल गेले तसा कडब्याचा धनी गेला. तिकडे सोयाबीन शंभर दिवसांत रोख पैसे देऊ लागले. १९९० च्या दशकापासून ते पसरत गेले आणि आज राज्यात त्याचे क्षेत्र पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास आहे. त्याच्या पोटात तूर आणि त्याच्या पाठीवर हरभरा. कडधान्यावर कडधान्य, शेंगेवर शेंग. आज लातूर, परभणी, हिंगोली, वाशीमच्या काळ्या रानांत तृणकुळातले धान्य वर्षानुवर्षे येतच नाही असे पट्टे आहेत. बुरशीने याहून जास्त काय मागावे?

ज्वारीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवता येत नाही. रब्बी ज्वारीला खडखड्या हा रोग होतो, ताटे पोकळ होऊन लोळतात. तो ज्या मॅक्रोफोमिना बुरशीमुळे होतो तीच सोयाबीनची आणि कडधान्यांची कोरडी मूळकूज करते. तिचे यजमान पाचशेच्या घरात आहेत. म्हणून ज्याच्या हरभऱ्याची मुळी काडकन तुटते, त्याने ज्वारीच्या बेवडावर विसंबू नये. उभे पीक चिरून बघण्याचा आग्रह सुरुवातीला धरला तो यासाठी.

मॅक्रोफोमिनावर मात्र मोहरीचा उतारा आहे, आणि त्याचे सगळ्यात चांगले काम जोधपूरला झाले. मोहरी वाटली की डोळ्यांत झणका जातो. तो वायू झाड सुखरूप असताना नसतो. मोहरीच्या पेशींत सिनिग्रिन हे द्रव्य एकीकडे आणि त्याला फोडणारे विकर दुसरीकडे असते. पेशी चेचली, पाणी लागले की दोन्ही भेटतात आणि आयसोथायोसायनेट तयार होते. शेतजमिनीच्या धुरीसाठी वापरले जाणारे मेटाम सोडियम हे रसायन जमिनीत गेल्यावर याच कुळातला वायू सोडते. अमेरिकेत पापाविझास यांनी १९६६ साली कोबीवर्गीय पिकांचा पाला गाडून वाटाण्याची मूळकूज दबते हे दाखवले होते. ऑस्ट्रेलियात १९९३ साली या तंत्राला जैवधुरी अशा अर्थाचे नाव मिळाले. पण तिकडचे प्रयोग थंड, ओल्या जमिनींतले. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत लोढा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात थारच्या उन्हाचाच उपयोग करून घेतला. गवारीच्या रानात मोहरीवर्गीय पिकांचे अवशेष किंवा मोहरीची पेंड मिसळायची, मे-जूनच्या कडाक्यात एकच पाणी द्यायचे आणि जमीन तापू द्यायची. ओल्या मातीत उष्णता खोल जाते, अवशेष कुजतात, वायू सुटतो. प्लास्टिकचा कागद अंथरून हे आणखी चांगले साधते, पण कागद न अंथरताही मॅक्रोफोमिनाच्या गाठी मोठ्या प्रमाणात घटल्या. कोरडवाहू शेतकऱ्याला परवडेल असा हा विचार आहे. कागदाचे पैसे नाहीत, फक्त एका पाण्याची सोय हवी.

मराठवाड्याचे ऊन जोधपूरच्या उन्हापुढे अगदीच थिटे नाही. मोहरी मात्र आपल्याकडे फार कमी. ती मुद्दाम पेरायची झाली तर फुलोऱ्यात बारीक करून गाडावी, कारण दाणे निघून गेलेल्या वाळक्या काडात झणका फारसा उरत नाही. पेंड घ्यायची तर थंड घाण्याची. जास्त तापवलेल्या पेंडीतले विकर मेलेले असते.

इथे एका मराठी माणसाचे नाव घ्यायला हवे. यशवंत लक्ष्मण नेने. पंतनगरला असताना भाताचा खैरा रोग जस्ताच्या कमतरतेमुळे होतो हे त्यांनी ओळखले, आणि पुढे इक्रिसॅटमध्ये तूर-हरभऱ्याच्या मरीवर पायाभूत काम उभे केले. हरभऱ्याच्या मरीच्या बुरशीचे चार प्रकार त्यांनी सहकाऱ्यासह १९८२ साली वेगळे दाखवले. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी एशियन ॲग्री-हिस्टरी फाउंडेशन काढले आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातले सुरपालाचे 'वृक्षायुर्वेद' नलिनी साधले यांच्याकडून अनुवादित करवून १९९६ साली छापले. या ग्रंथात झाडांच्या दुखण्यांवर मोहरी आणि वावडिंगाची धुरी येते. नेन्यांचा आग्रह होता की हे तपासून पाहावे. तो 'तपासून' हा शब्द त्यांच्या नावाने याच ग्रंथातले कुणपजल हे द्रवखत विकणारे आता गाळतात.

नको तिथे नको ते गाडल्याचे परिणामही सांगितले पाहिजेत. मानकुजीची स्क्लेरोशियम बुरशी अर्धकच्च्या पाल्यावर आणि शेणखतावर पोसते. सोयाबीनचे कुटार, गळालेला पाला नीट कुजायच्या आत त्यात हरभरा पेरला आणि वर पाणी दिले तर रोपे माना टाकतात. तेव्हा शेतकरी म्हणतो, सेंद्रियाने घात केला. घात घाईने केलेला असतो. हिरवा पाला गाडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जमिनीत रोपे कुजवणाऱ्या बुरश्यांचीही चंगळ असते. तेवढे दिवस पेरणी थांबलीच पाहिजे. खरीप-रब्बीच्या मधल्या पंधरा दिवसांच्या फटीत हे बसत नाही, म्हणून तागाचा किंवा धैंचाचा विचार खरिपासाठी उन्हाळी पाण्यावर किंवा खरिपातच आंतरपीक म्हणून करावा. रब्बीच्या तोंडावर करू नये.

आणि वाण. वनस्पतींच्या उपायांबद्दल इतके लिहिल्यावर हे सांगणे कोणाला विसंगत वाटेल, पण मरीच्या रानात पहिला पैसा प्रतिकारक वाणावरच खर्च करावा. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीत बीडीएन ७११, बीएसएमआर ७३६, अलीकडे गोदावरी असे वाण दिले. हरभऱ्यात राहुरीचे विजय, दिग्विजय, फुले विक्रम आहेत, जाकी ९२१८ आहे. हे वाण नसते तर कडधान्य केव्हाच संपले असते. पण प्रतिकारक वाण जमिनीतली बुरशी कमी करत नाही. तो फक्त तिला दार उघडत नाही. त्याच जमिनीत त्याच वाणाची रीघ लागली की बुरशीचे नवे प्रकार पुढे येण्याची भीती राहते. शिवाय मरीला दाद न देणारा वाण कोरड्या मूळकुजीला बळी पडू शकतो. वाण झाडाला वाचवतो, जमीन बेवडानेच सुधारते.

माझे मत विचाराल तर पेंडीच्या पोत्यांवर अनुदान देण्यापेक्षा सरकारने खरीप ज्वारीच्या खरेदीची हमी द्यावी, काळी पडलेली ज्वारीसुद्धा पशुखाद्यासाठी ठरल्या दराने उचलावी, आणि कापणीच्या यंत्रावर पैसा लावावा. मर कमी करायचा त्याहून स्वस्त सरकारी उपाय मला दिसत नाही. शिवारातली ज्वारी परत आली तर तुरीच्या औषधांचा खर्च आपोआप उतरेल.

तोवर ज्यांच्या हाती जमीन आहे त्यांच्यासाठी एवढे. यंदा हरभरा उबळू लागला की आळवणीच्या बाटलीआधी विळा उचला. चार झाडे चिरा. आत काळपट रेघ आहे, मुळी काडकन तुटते, की बुडाशी पांढरी बुरशी आहे, ते पाहा. जिथे घेर पडला असेल त्याच्या चारही अंगांना खुंट्या ठोका आणि कोणत्या बांधापासून किती पावलांवर ते वहीत लिहून ठेवा. रेघ असेल तर पुढच्या मृगात सगळे रान न जमले तरी निदान तेवढ्या टापूत ज्वारी पेरा आणि तिची धसकटे उपटून न जाळता तिथेच कुजू द्या. मुळी तुटत असेल तर ज्वारी नको. तिथे उन्हाळ्यात मोहरीची पेंड टाकून एक पाणी द्या, आणि हरभरा ऑक्टोबरच्या उन्हात न पेरता थंडी पडू लागल्यावर पेरा.